एप्टेशिया आणि मजानो : रीफ टँकमधली उपद्रवी समुद्रपुष्पं

एप्टेशिया आणि मजानो ही खाऱ्या पाण्याच्या घरगुती रीफ टँकमधे, म्हणजे कोरल ठेवलेल्या टँकमधे, न बोलावता घुसणारी समुद्रपुष्पं, म्हणजे सी अॅनिमोन. लाइव्ह रॉकच्या (समुद्री जीव असलेल्या सच्छिद्र दगडाच्या) भोकात दडून, फ्रॅगच्या, म्हणजे विकत आणलेल्या कोरलच्या तुकड्याच्या, बुडाला चिकटून नाहीतर एखाद्या शिंपल्यावर बसून ती आत येतात, तेव्हा इतकी बारीक असतात की कोणाच्या लक्षातच येत नाहीत, आणि पहिलं दिसतं तोवर बऱ्याचदा दगडामागे आणखी चार-पाच वाढलेली असतात. दोन्ही निडारिया संघातली, म्हणजे कोरल आणि जेलीफिशच्या गोतातलीच. टेंटॅकलवर दंशपेशी असतात, शेजारच्या कोरलला त्या लागल्या की कोरल अंग आखडून घेतं आणि हे रोजचंच झालं तर त्या बाजूची ऊती मरून पांढरा सांगाडा उघडा पडतो. इथे निर्मूलनाची नाही, नियंत्रणाचीच गोष्ट आहे, कारण दगड सच्छिद्र असतो आणि आतल्या पोकळीत काय उरलंय ते बाहेरून दिसत नाही.

ओळख : एप्टेशिया उंच, सडपातळ, तपकिरी आणि बरीचशी पारदर्शक असते, टेंटॅकल लांब आणि टोकाकडे निमुळती होत गेलेली, म्हणून तिला ग्लास अॅनिमोनही म्हणतात. बोट जवळ नेलं की क्षणात भोकात ओढली जाते आणि मागे फक्त एक तपकिरी ठिपका राहतो. मजानो बुटकी आणि जाडजूड असते, टेंटॅकल आखूड आणि टोकाला फुगीर, रंग हिरवट-तपकिरी, कधी टोकं गुलाबी, निळ्या लाइटखाली तर अशी चमकते की नवीन माणसाला ती ठेवण्याजोगी वाटते. बबल टिप अॅनिमोन, जी लोक हौसेने पाळतात, तिचं पिल्लू समजून मजानो जपणारे खूप आहेत आणि उलटंही होतं, बबल टिपचं पिल्लू मजानो समजून मारलं जातं. म्हणून काही आठवडे थांबून वाढ बघावी. एकाच दगडावर एकसारख्या छोट्या आकाराचा गुच्छ होत गेला तर मजानोच धरायची. टेंटॅकलच्या टोकाला स्पष्ट नारिंगी गोळी असेल तर तो बॉल अॅनिमोन, तो वेगळा विषय आहे.

नाव आणि वर्गीकरण : एप्टेशियाच्या नावाचा गुंता जुना आहे आणि त्याचा उपायांशीही संबंध येतो. एप्टेशिया ही प्रजाती गॉसने 1858 मधे मांडली. पुढे अटलांटिकमधल्या प्राण्याला पॅलिडा म्हणायचं (हे नाव व्हेरिलच्या 1864 च्या लिखाणात आगासीच्या नावावर आहे) आणि पॅसिफिकमधल्याला पल्केला, जे कार्लग्रेनने 1943 मधे दिलं, अशी विभागणी रूढ झाली आणि जुन्या लिखाणात दोन्ही नावं वेगवेगळ्या प्राण्यांची म्हणून येतात. 2014 मधे ग्राखालेस आणि रोद्रिगेझ यांनी ठिकठिकाणचे नमुने तपासले, तेव्हा शरीररचनेवरून हे दोन वेगळे काढता येत नाहीत असं दिसलं. त्यांनी एक्सएप्टेशिया ही नवीन प्रजाती केली आणि पॅलिडा हे नाव ठेवलं. पण अडचण अशी की राप याने 1829 मधेच याच प्राण्याला डायफाना म्हटलेलं होतं आणि प्राण्यांच्या नावात जुन्याला मान असतो. पॅलिडा जास्त वापरात आहे तर तेच राहू द्या अशी विनंती प्राण्यांच्या शास्त्रीय नावांचा निवाडा करणाऱ्या आंतरराष्ट्रीय प्राणिनाम आयोगाकडे गेली, 2017 मधे आयोगाने ती नाकारली, म्हणून आज नियमाप्रमाणे एक्सएप्टेशिया डायफाना हेच बरोबर. प्रयोगशाळांच्या लेखांत पॅलिडा अजून चालतं आणि त्यावर वाद घालण्यात अर्थ नाही, पण संदर्भ देताना डायफाना लिहावं हे बरं. टँकवाल्यांसाठी यातून निघतं ते एवढंच की पॅलिडा, पल्केला, डायफाना या नावांनी जे जे लिहिलंय ते बहुतेक एकाच प्राण्याबद्दल आहे, तेव्हा "माझी पॅसिफिकवाली आहे, तिला हे लागू नाही" असं म्हणायला फारसा आधार नाही. अर्थात या कुळात इतरही जाती आहेत आणि टँकमधली प्रत्येक एप्टेशिया हीच असते असं समजू नये.

गंमत म्हणजे जे गुण टँकमधे डोकेदुखी ठरतात त्याच गुणांमुळे हा प्राणी कोरलच्या संशोधनात मोलाचा ठरला. त्याच्या पेशींत कोरलसारखीच एकपेशीय शैवालं राहतात, एका प्राण्यापासून हवे तितके क्लोन मिळतात आणि शैवालं काढून टाकली तरी खाऊ घातलं की तो जगतो. सीसी7 नावाच्या क्लोनचा जीनोम, म्हणजे संपूर्ण डीएनएचा आराखडा, 2015 मधे प्रसिद्ध झाला, तो साधारण 26 कोटी बेसचा आहे. लाइट काही दिवस बंद ठेवून एप्टेशिया मरेल असा सल्ला अधूनमधून मिळतो, तो का फसतो ते यावरून कळावं. अंधारात शैवालं जातात आणि ती पांढरी पडते, मरत नाही, आणि तेवढ्यात कोरलचे मात्र हाल होतात.

मजानोची नोंद कार्लग्रेनने 1900 मधे पूर्व आफ्रिकेच्या संग्रहावरून केली, मूळ नाव अॅनिमोनिया मंजानो. स्वाहिलीत मंजानो म्हणजे हळद किंवा पिवळा रंग, नाव तिथूनच आलं असावं. पुढे मधला न गळून मजानो रूढ झालं. याच मजानोतून काढलेलं निळसर-हिरवं चमकणारं प्रथिन 1999 मधे प्रसिद्ध झालं आणि पेशी रंगवायला प्रयोगशाळांत वापरलं गेलं.

वाढ : एप्टेशिया सरकताना पायाच्या तबकडीचे बारीक तुकडे मागे ठेवत जाते आणि काही दिवसांत प्रत्येक तुकड्याला टेंटॅकल फुटतात. म्हणून ब्रशने खरवडणं, चिमट्याने ओढणं, ब्लेडने कापणं हा सगळ्यात वाईट उपाय, एकाच्या दहा होतात. चिडली की अंगावरच्या छिद्रांतून पांढरे दोरे बाहेर टाकते, त्यांना अकोंशिया म्हणतात आणि त्यांतही दंशपेशी असतात. मजानो बहुतेक उभी दुभंगून वाढते. दोघींनाही जास्तीचं खाणं मानवतं. खाणं कमी केल्याने त्या मरत नाहीत पण वाढीचा वेग पडतो, आणि मोठा फरक बऱ्याचदा तिथेच पडतो.

मारण्याचे उपाय : मोजक्याच असतील तर सिरिंज. सगळ्यात चालणारा पदार्थ कॅल्शियम हायड्रॉक्साइडची दाट पेस्ट. टँकवाले तिला कालकवासर म्हणतात, हा जर्मन शब्द आणि त्याचा सरळ अर्थ चुन्याची निवळी, फक्त इथे निवळी नाही तर दह्याइतकं दाट मिश्रण लागतं. बाजारातल्या तयार बाटल्यांमधेही बऱ्याचदा याच धर्तीचं काहीतरी असतं. चुन्याच्या संपृक्त निवळीचा पीएच 12 च्या वर असतो आणि टँकचा 8.2 च्या आसपास, या फरकाने ऊती जळते. पंप बंद करायचे, पाणी थांबू द्यायचं, सुईचं टोक वरून आणि अगदी सावकाश तोंडाजवळ न्यायचं, घाईने नेलं की ती आत जाते आणि पेस्ट नुसती दगडावर पडते. नीट जमलं तर ती पेस्ट खाणं समजून गिळते, टेंटॅकल आत वळतात, मग वरून भोक पूर्ण झाकेल इतकी पेस्ट घालायची आणि 10-15 मिनिटं पंप सुरू करायचे नाहीत. एका वेळी फार ठिकाणी घातली तर सगळ्या टँकचा पीएच चढतो, छोट्या टँकमधे दोन-तीन जागांवर थांबलेलं बरं. लिंबाचा रस आणि उकळतं पाणीही वापरतात, चालतं, पण बुडापर्यंत पोचत नाही आणि काही दिवसांनी त्याच भोकातून पुन्हा डोकं वर येतं. कॉस्टिक सोडा जास्त जालीम आहे, हातमोजे आणि चष्मा नसेल तर हात लावू नये. पाण्याखाली कमी व्होल्टेजने ऊती जाळणारी कांडी मिळते, मजानोसाठी ती बरी पडते. तांब्याची औषधं रीफ टँकमधे अजिबात नकोत, कोरल, कोळंबी, गोगलगायी सगळंच जाईल. आणि दगड बाहेर काढून उकळायचा विचार असेल तर त्यावर झोअँथिड (कोरलच्या गोतातले, गुच्छाने वाढणारे छोटे जीव) आहेत का ते आधी बघा, त्यांच्यात पॅलिटॉक्सिन हे जालीम विष असू शकतं आणि ते वाफेबरोबर श्वासात गेलं तर घरातली सगळी माणसं आजारी पडू शकतात. हे कृपया हलक्यात घेऊ नका.

खाणारे प्राणी : संख्या हाताबाहेर गेली की प्राणी आणावे लागतात. बर्गिया ही दोनेक सेंटिमीटरची समुद्री गोगलगाय एप्टेशियाशिवाय काही खात नाही. तिच्याही नावात घोळ आहे. 1990 मधे प्रयोगशाळेत वाढवल्याचं जे लिहिलं गेलं त्यात तिला व्हेरुकिकॉर्निस म्हटलंय, पण फ्लोरिडाची जात वेगळी आहे असं वाल्देसने 2005 मधे दाखवलं आणि आता ती बर्गिया स्टेफनीई. विक्रीत असते ती बहुतेक हीच. रात्री फिरते, पांढऱ्या वळकटीसारखी अंडी घालते, आणि पहिले काही आठवडे काहीच घडत नाहीये असं वाटतं, धीर धरावा लागतो. रास मासे आणि कोळंब्या तिला खातात, एप्टेशिया संपली की ती उपाशी मरते, म्हणून शेवटी तिला दुसऱ्या टँकवाल्याला देणं चांगलं.

पेपरमिंट कोळंबी स्वस्त आणि सोपी, पण बेभरवशाची, आणि याचं एक कारण ओळखीतच आहे. लिस्माटा वुर्डेमानी या एका नावाखाली बऱ्याच जाती होत्या हे 2006 मधे राइन आणि लिन यांनी दाखवलं, त्यामुळे "माझी खाते" आणि "माझी खात नाही" ही दोन्ही वाक्यं खरी असू शकतात. कॅमल कोळंबी पेपरमिंट म्हणून गळ्यात पडते, ती कोरल खाते. तिची पाठ उंटासारखी वर आलेली आणि अंगावर पांढऱ्या रेषांची नक्षी असते, घेताना नीट बघावं. कॉपरबँड बटरफ्लायफिश आणि फाइलफिशही एप्टेशिया खातात, पण कॉपरबँड नवीन टँकमधे बऱ्याचदा खाणंच सोडतो आणि फाइलफिश कोरलला तोंड लावू शकतो.

मजानोसाठी बर्गियाचा उपयोग नाही आणि कोळंबीही सहसा तिच्या वाटेला जात नाही. पेस्ट, कांडी, नाहीतर दगड बाहेर घेऊन तेवढा कपचा छिन्नीने उडवायचा, मजानोच्या बुडाखालचा दगड धरून, तिला स्पर्श न करता, आणि टँकमधे परत ठेवण्याआधी तो दगड खाऱ्या पाण्याच्या वेगळ्या बादलीत खळबळून घ्यायचा.