बिशप अझरिया (वेदनायकम सॅम्युअल अझरिया)

अँग्लिकन चर्चचे (इंग्लंडच्या प्रोटेस्टंट चर्चचे) पहिले भारतीय बिशप. जन्म १७ ऑगस्ट १८७४, तिरुनेलवेली भागातलं वेल्लालनविळै गाव. मृत्यू १ जानेवारी १९४५, डोर्नकल. काझीपेट-विजयवाडा लाईनवरचं जंक्शन म्हणून डोर्नकल आपल्याकडे माहीत असतं तेच हे. मराठी बायबलात हे नाव 'अजऱ्या' असं येतं, इथे मात्र रूढ उच्चार ठेवलाय.

'पहिले भारतीय बिशप' असं सरसकट लिहिलेलं बऱ्याच ठिकाणी दिसतं, ते बरोबर नाही. गोव्याच्या दिवाडी बेटावरच्या ब्राह्मण घरातले मातेउश द कास्त्रू १६३७ मध्येच रोममध्ये कॅथलिक बिशप झाले होते, केरळात १६६३ मध्ये परंबिल चांडी झाले, आणि केरळातल्या जुन्या सुरियानी ख्रिस्ती चर्चमधले बिशप तर वेगळेच. म्हणजे पहिलेपण फक्त अँग्लिकनांपुरतं, आणि तेवढंही त्या काळात काही लहान नव्हतं. कारण इंग्लंडचं चर्च इथे सरकारी व्यवस्थेला बांधलेलं, बिशपची नेमणूक राजाच्या सनदेने व्हायची, त्यात नेटिव्ह माणूस बसवायचा कसा हा कायद्याचा गुंता होता. मद्रासचे बिशप हेन्री व्हाइटहेड यांनी तो सोडवला. अझरियांना बिशप केलं ते डोर्नकलचं, आणि डोर्नकल निजामाच्या राज्यात, थेट ब्रिटिश मुलखात नाही, त्यामुळे वाट सोपी झाली असं एक मत आहे आणि ते पटण्यासारखं आहे, पण व्हाइटहेड यांची चिकाटी नसती तर नुसत्या भूगोलाने काही झालं नसतं. विरोध फक्त गोऱ्या मिशनऱ्यांचा नव्हता, नाडार या तेव्हा खालची मानल्या जाणाऱ्या तमिळ जातीच्या माणसाखाली काम करायचं म्हणून काही भारतीय ख्रिस्तीही नाराज होते. शेवटी २९ डिसेंबर १९१२ ला कलकत्त्याच्या सेंट पॉल्स कॅथेड्रलमध्ये बिशपपदाची दीक्षा झाली.

वडील गावच्या चर्चचे पाळक. अझरिया मद्रास ख्रिश्चन कॉलेजात शिकले पण डिग्री राहिली, मग वायएमसीए या ख्रिस्ती तरुणांच्या संस्थेत नोकरी. १९०३ मध्ये तिरुनेलवेलीची इंडियन मिशनरी सोसायटी आणि १९०५ मध्ये सेरामपूरला नॅशनल मिशनरी सोसायटी, दोन्हींच्या स्थापनेत ते होते, दोन्ही भारतीय पैशावर चालणाऱ्या. १९१० च्या एडिंबरोच्या जागतिक मिशनरी परिषदेत गोऱ्या मिशनऱ्यांना त्यांनी तोंडावर सांगितलं, तुम्ही गरिबांना धन दिलंत, देह दिलेत, आता आम्हाला मित्र द्या. सभेत बरेच जण दुखावले म्हणतात.

डोर्नकलमध्ये मुख्यतः माला-मादिगा या तेलुगू दलित समाजात काम, तेही तेलुगूत, जी या तमिळ माणसाला नव्याने शिकावी लागली. गावोगाव बैलगाडीने फिरणं असे, सोबत पत्नी अंबू. दलितांच्या सामुदायिक धर्मांतरावरून गांधीजींशी मतभेद झाले, १९३५ मध्ये आंबेडकरांनी येवल्याला धर्मांतराची घोषणा केल्यावर तो वाद अजून तापला. पण ख्रिस्त्यांसाठी वेगळे मतदारसंघ नकोत हे अझरियांचंही ठाम मत होतं, हे टीकाकार सहसा विसरतात.

१९३९ मध्ये पूर्ण झालेल्या एपिफनी कॅथेड्रलच्या बांधणीत देवळासारखे खांब आणि मशिदीसारखे घुमट एकत्र आहेत. वेगवेगळ्या प्रोटेस्टंट चर्चचं एकीकरण व्हावं म्हणून ते शेवटपर्यंत झटले. त्यातून दक्षिण भारत चर्च स्थापन झालं २७ सप्टेंबर १९४७ ला, त्यांच्या मृत्यूनंतर जवळपास पावणेतीन वर्षांनी.