पार्श्वभूमी: नाशिकच्या पिंजऱ्यांमधले लाइन ब्रीडिंग

नाशिकमध्ये बजरीगर, कॉकटेल किंवा कोन्युर हे परदेशी पोपटवर्गीय पक्षी विकताना 'लाइनचा पक्षी आहे' असे आता सर्रास सांगितले जाते आणि त्यावर भावही चढतो. ही लाइन कोणत्या नरापासून सुरू झाली, असे विचारले की उत्तर सहसा आजोबांपर्यंतही पोहोचत नाही. याला पाळणाऱ्यांचा आळस काही अंशी कारणीभूत आहे. मात्र पक्षी इथे कसे आले आणि सरकारने त्यांच्याबद्दल कोणते प्रश्न विचारले, यावर त्याहून बरेच अवलंबून होते.

लाइन ब्रीडिंग ही पद्धत मुळात पक्ष्यांची नाही. एका उत्तम जनावराकडे पुन्हा पुन्हा वळून त्याचेच गुण पक्के करायचे, हे अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये मेंढ्या-गुरांवर रूढ झाले. त्याचे गणित अमेरिकेत १९२२ मध्ये मांडले गेले आणि आजही तेच वापरतात. बाप-लेक किंवा सख्खी भावंडे जोडली तर पिल्लांमध्ये इनब्रीडिंग (एखाद्या जनुकाच्या दोन्ही प्रती एकाच पूर्वजाकडून येण्याची शक्यता) २५ टक्के, सावत्र भावंडांच्या पिल्लांत १२.५ आणि सख्ख्या चुलत भावंडांच्या पिल्लांत ६.२५. बजरीगर १८४० मध्ये जिवंत इंग्लंडला पोहोचला. निळा रंग १८८० च्या सुमारास बेल्जियममध्ये दिसला. हा रंग दबून राहणारा, म्हणजे आई-बाप दोघांकडून आला तरच दिसणारा, त्यामुळे तो टिकवायचा तर जवळच्याच जोड्या लावाव्या लागत. ऑस्ट्रेलियाने १९६० पासून आपल्या पक्ष्यांची व्यापारी निर्यात थांबवली, म्हणजे जगभरच्या पिंजऱ्यांतले बजरीगर तेव्हापासून आपापसातच वाढत आहेत.

नाशिकपुरते बोलायचे तर जुन्या वाड्यांच्या गच्च्यांवर कबुतरांच्या ढाबळी आणि घरोघरी राघू, हाच इथला पक्षीपालनाचा ठेवा. कबुतरवाल्यांना नराची पैदास तोंडपाठ असते. बाकी कुणी नोंद ठेवत नव्हते, कारण राघू आणि मुनिया जंगलातून पकडून आणलेलेच असत. १९७२ चा वन्यजीव कायदा आला आणि १९९०-९१ मध्ये भारतीय पक्ष्यांचा व्यापारच बंद झाला. दुकानांमधली जागा मग परदेशी पक्ष्यांनी घेतली. बजरीगर (घराघरांत त्याला अजून 'लव्हबर्ड' म्हणतात, खरा लव्हबर्ड आफ्रिकेतला), कॉकटेल, फिंच आणि जावा ही मंडळी गॅलरीतल्या पिंजऱ्यात मडक्यांतून, नाहीतर लाकडी बॉक्समधून वाढू लागली. राळा, बाजरी आणि समुद्रफेन एवढ्यावर बजरीगर भराभर वाढतो. पण मूळ जोड्या थोड्याच होत्या आणि बाहेरून नवे रक्त आणणे दिवसेंदिवस अवघड होत गेले. फेब्रुवारी २००६ मध्ये नवापूरला बर्ड फ्लू निघाला, नाशिक विभागात कोंबड्यांची कत्तल झाली आणि त्यानंतर जिवंत पक्ष्यांच्या आयातीकडे सरकार संशयानेच पाहू लागले. ज्याला वाटते की मुंबईहून किंवा पुण्याहून नर आणला म्हणजे 'आउटक्रॉस' (नात्याबाहेरची जोडी) झाला, तो बरेचदा आपल्याच मादीचा चुलता विकत आणतो.

याचा एक ढळढळीत पुरावा ल्युटिनो (पिवळसर-पांढऱ्या रंगाच्या) कॉकटेलच्या डोक्यावर दिसतो. हा रंग १९५८ मध्ये अमेरिकेतल्या फ्लोरिडात प्रथम आला आणि मागणी इतकी होती की जवळच्या नात्यातल्या जोड्या लावून तो वाढवला गेला. त्या लाइनींसोबत तुऱ्यामागचे टक्कलही जगभर गेले. तुरा मिटलेला असला की ते झाकले जाते. म्हणून जाणकार ग्राहक पिंजऱ्यावर बोट वाजवतो. पक्षी दचकून तुरा उभारतो आणि मागची गुलाबी कातडी दिसते की नाही, ते कळते. दाट डोक्याचे पक्षी निवडून हा दोष कमी करता येतो, तेवढा धीर मात्र थोड्यांकडेच असतो. उलट बजरीगरच्या पिल्लांचे पंख गळून ती जमिनीवर पळू लागली की 'रक्त खराब झाले' म्हणणारेही आहेत. तो बहुतांशी विषाणूचा आजार आहे, हे १९८० च्या दशकापासून माहीत आहे. तिथे दोष रक्तावर ढकलून पिंजरा न धुणे हा शुद्ध पळपुटेपणा.

सगळ्यात वादग्रस्त ठरला तो जून २०२० चा निर्णय. वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापार कराराच्या (CITES) यादीतले परदेशी प्राणी-पक्षी ज्यांच्याकडे आहेत त्यांनी सहा महिन्यांत ऑनलाइन जाहीर करावे, कागदपत्रे मागितली जाणार नाहीत, असे केंद्राने सांगितले. निसर्गप्रेमींनी ओरड केली की तस्करीचा माल पांढरा होतोय. पाळणाऱ्यांचे म्हणणे असे की पिढ्यान्‌पिढ्या इथेच जन्मलेल्या सन कोन्युरचे आयातपत्र कुठून आणणार? दोघांच्याही बोलण्यात तथ्य होते. पण लाइन राखणाऱ्याचे जे नुकसान झाले त्याबद्दल दोन्ही बाजू गप्प राहिल्या. पक्षी कुठून आला, हा एकच प्रश्न पैदाशीच्या दृष्टीने मोलाचा होता आणि नेमका तोच सोडून देण्यात आला. त्या सहा महिन्यांत जाहीर झालेला प्रत्येक पक्षी कागदावर पहिल्या पिढीचा ठरला, मग तो प्रत्यक्षात सख्ख्या भावंडांचा असो की दूरच्या जोडीचा. पुढे त्याच्या चार पिढ्यांची वही कुणी नेटाने लिहिली, तरी तिची सुरुवात कोऱ्या पानापासूनच होते. सवलत देताना निदान आई-बापाची तोंडी माहिती लिहून घेता आली असती. तेवढेही झाले नाही.

त्यामुळे आज जे गणित मांडले जाते ते वरवरचे असते. नराला त्याची लेक जोडली की पिल्लांत नराचे ७५ टक्के रक्त येते, हे विकणारा अभिमानाने सांगतो. त्याच पिल्लांत इनब्रीडिंग २५ टक्के असते आणि त्या पिल्लांतली मादी पुन्हा त्याच नराला लावली तर ते ३७.५ वर जाते, हे तो सांगत नाही. शिवाय मूळ नर आणि मादी आधीच नात्यातले असतील तर खरा आकडा याहून वर असणार. अंड्यातच मेलेली पिल्ले आणि न फळलेली अंडी वाढली की निफाडच्या थंडीला दोष देऊन वेळ मारून नेता येते, आणि डिसेंबरात ते खपूनही जाते.

नोंदीचे साधन आहे ते पायात घालायच्या बंद, म्हणजे सांधा नसलेल्या, रिंगचे. बजरीगरच्या पिल्लाला ती साधारण सातव्या ते दहाव्या दिवसाच्या दरम्यान घालावी लागते; नंतर पाय आत जात नाही, म्हणून ती खोटी घालणे अवघड. प्लास्टिकची उघडी रिंग मोठ्या पक्ष्यालाही घालता येते, त्यामुळे तिच्यावरच्या आकड्यावरून काहीच सिद्ध होत नाही. बाजारात उघड्या रिंगच जास्त दिसतात.

फेब्रुवारी २०२४ अखेर आलेल्या नियमांनी त्याच आंतरराष्ट्रीय यादीतल्या पक्ष्यांची नोंदणी सक्तीची केली. जन्म, मृत्यू आणि हस्तांतर कळवावे लागते. त्यातही गंमत अशी की एकाच गॅलरीत फिशर लव्हबर्डला कागद लागतो आणि शेजारच्या पिंजऱ्यातल्या पीच-फेस लव्हबर्डला लागत नाही, कारण तो यादीत नाही. कॉकटेल आणि बजरीगरही यादीबाहेर आहेत. लाइन ब्रीडिंग सर्वांत जास्त चालते ते याच पक्ष्यांत, आणि त्यांची वही ठेवायची की नाही हे अजूनही ज्याच्या त्याच्या मर्जीवर आहे.