आधी पार्क की आधी जहाज? दोन्ही एकच नाहीये हो

अमेरिकेत फ्लोरिडातल्या ऑरलँडोचे थीम पार्क आणि समुद्रावरची क्रूझ एकाच सुट्टीत बसवायचं ठरलं की घरातलं कोणीतरी हमखास म्हणतं, आधी पार्क काय नि आधी जहाज काय, बेरीज तर तेवढीच ना. चार दिवस पार्क, चार रात्री जहाज, उलटं केलं तरी हिशोब तोच. हे मी इतक्या वेळा ऐकलंय की आता समोरच्याचं वाक्य संपायच्या आधीच माझं डोकं दुखायला लागतं. बेरीज तेवढीच असते, मान्य. पण काही चुकलं तर काय बुडणार ते क्रमावर ठरतं, आणि एवढी लांबची ट्रिप, सोबत म्हातारी माणसं, पोरं, सहा बॅगा, त्यात काही ना काही चुकतंच.

पार्कांचं पुराण मी लावत नाही, ते तुम्हाला पाठ आहे. डिस्ने वर्ल्डचे चार, युनिव्हर्सलचे २०२५ च्या मे महिन्यात एपिक युनिव्हर्स उघडल्यापासून तीन, वर वॉटर पार्क वेगळे. सकाळी गेट उघडल्या उघडल्या कुठल्या राईडकडे पळायचं हे घरातल्या शाळकरी पोराला तुमच्यापेक्षा चांगलं माहितीये. पार्कवाला अर्धा भाग लोक नीटच प्लॅन करतात.

घोळ होतो तो जहाजाला ‘तरंगतं हॉटेल’ समजल्यामुळे. खोली असते, बुफे असतो, स्विमिंग पूल असतो, रोज कोणीतरी टॉवेलचा हत्ती करून बेडवर ठेवून जातं, म्हणून ते हॉटेल? हॉटेल तुमची वाट बघतं, जहाज बघत नाही. संपूर्ण भानगड एवढीच आहे आणि नेमकी हीच लोकांच्या डोक्यात शिरत नाही. फ्लाईट लेट झाली, रात्री अकराऐवजी दुसऱ्या दिवशी दुपारी पोचलात, तर हॉटेलला फोन करा, ते म्हणतात बरं, या. एका रात्रीचे पैसे गेले, पार्कचा एक दिवस गेला, चिडचिड झाली, संपलं. डिस्नेचं तिकीट अजिबात न वापरता तारीख उलटून गेली तरी त्याची किंमत पुढच्या तिकिटात धरतात. आता जहाज घ्या. दुपारी चारला सुटणार म्हणजे चारला धावत पोचून चालत नाही, बोर्डिंग एक ते दीड तास आधीच बंद होतं, कारण प्रवाशांची यादी सरकारकडे आधी द्यावी लागते. तुम्ही तीन वाजून दहा मिनिटांनी पार्किंगमध्ये उभे असाल आणि जहाज डोळ्यासमोर दिसत असेल तरी ते तुमचं नाही. आणि गेली ती एक रात्र नाही, आख्खी क्रूझ गेली, पैसे परत नाहीत.

म्हणून माझं ठाम मत, लांबून विमानाने येणार असाल तर पार्क आधी, जहाज नंतर. विमानप्रवासाला जिथे धक्का बसायचा तिथे बसू दे, तो पार्कच्या दिवसांनी झेलावा, कारण त्यांना झेलता येतो.

आम्ही स्वतः एकदा उलटं केलंय म्हणून सांगतो. सासूबाई-सासरे भारतातून येणार होते, सासऱ्यांची हौस म्हणून जहाज आधी ठेवलं, म्हटलं निवांत सुरुवात होईल. आदल्या संध्याकाळी ते दोघं सुखरूप ऑरलँडोत उतरले, पण तीन बॅगांपैकी दोन मधल्या एअरपोर्टवरच राहिल्या. काउंटरवरची बाई अगदी गोड बोलली, काळजी करू नका, उद्या संध्याकाळी घरपोच मिळतील, पत्ता द्या. आता पत्ता काय द्यायचा? उद्या संध्याकाळी आम्ही अटलांटिकमध्ये! मी तिला तसं सांगितलं तर ती दोन सेकंद माझ्याकडे बघत राहिली आणि फॉर्मवर काहीतरी खरडलं. सासऱ्यांनी चार रात्री जहाजावरच्या दुकानातले टी-शर्ट घालून काढल्या, एकावर नांगर आणि एकावर पोपट, आणि फॉर्मल डिनरच्या रात्री माझा शर्ट, जो त्यांना पोटावर बसत नव्हता. ब्लड प्रेशरच्या गोळ्या सासूबाईंनी पर्समध्ये ठेवल्या होत्या म्हणून निभावलं, त्यांचा विमानवाल्यांवर पहिल्यापासूनच विश्वास नाही. तेव्हा आम्ही ऑरलँडोच्या हॉटेलात असतो तर त्याच बॅगा दुसऱ्या दिवशी संध्याकाळी रिसेप्शनवर आल्या असत्या आणि ही गोष्ट सांगायलाही उरली नसती.

यावर लोक म्हणतात, मग आदल्या दिवशी पोचायचं ना. अहो आम्ही आदल्याच दिवशी पोचलो होतो! एक रात्र आधी येणं हे किमान आहे, क्रूझच्याच सकाळच्या फ्लाईटने येणाऱ्यांशी तर मी वादच घालत नाही. पण एका रात्रीत माणूस पोचतो, हरवलेली बॅग पोचतेच असं नाही. चार दिवस हाताशी असले की सगळंच पोचतं.

दुसरा मुद्दा जेट लॅगचा आणि इथे लोकांचा तर्क बरोबर उलटा चालतो. लांबून दमून येणार, मग आधी जहाजावर आराम आणि नंतर पार्क, ऐकायला किती शहाणपणाचं वाटतं. प्रत्यक्षात भारतातून आलेला माणूस पहिले तीन-चार दिवस पहाटे चारला टक्क जागा असतो आणि संध्याकाळी सातला खुर्चीत पेंगतो. असा माणूस पार्कला सोन्यासारखा! गर्दीच्या आधी सात-साडेसातला गेटवर हजर, मोठ्या राईड अकरापर्यंत उरकल्या, दुपारी रूमवर. तोच माणूस जहाजावर वाया जातो, कारण जहाजावरची मजा, जेवण, शो, गाणी, सगळं रात्री. सासूबाई तीन रात्री शोच्या मध्यावर झोपल्या, तिसऱ्या रात्री जादूगाराने त्यांनाच स्टेजवर बोलवायचा प्रयत्न केला तो वेगळा किस्सा.

आणि पार्कला दिवसाला पंधरा-वीस हजार पावलं सहज होतात, चार दिवसांनी पायाचे तुकडे पडलेले असतात. त्यानंतर डेकवर आडवं पडण्याची किंमत कळते. उलट केलंत तर आराम आधी संपतो आणि राबणं शेवटी उरतं, वर एक वेगळाच त्रास. जहाजावरून उतरल्यावर काही लोकांना एक-दोन दिवस जमीन हलल्यासारखी वाटते. मी डिस्नेच्या मॅजिक किंगडम पार्कच्या रांगेत रेलिंग धरून उभा होतो, पुढच्या माणसाची टोपी डावी-उजवी होतेय की मीच, कळेना. त्या अवस्थेत रोलर कोस्टर! करून बघा.

मध्यममार्गी लोक तिसरंच सुचवतात, थोडं पार्क, मग जहाज, मग परत थोडं पार्क. हौस असेल तर करा, पण तिकिटाचा कॅलेंडर बघून करा. डिस्नेचं ४ दिवसांचं तिकीट सुरुवातीच्या तारखेपासून ७ दिवसांत संपवावं लागतं. शुक्रवारी निघून सोमवारी येणारी ३ रात्रींची क्रूझ असेल तर बुधवार-गुरुवार पार्क आणि परत आल्यावर सोमवार-मंगळवार पार्क, बरोब्बर सात दिवस, अगदी काठावर बसतं, तेही सोमवारी पार्कला पोचेपर्यंत अर्धा दिवस गेलेला. सोमवारी निघून शुक्रवारी येणारी ४ रात्रींची घेतलीत तर शनिवार-रविवार आधी वापरून शेवटी फक्त शुक्रवार उरतो, चौथा दिवस फुकट. ७ रात्रींच्या क्रूझला तर विचारच नको. आणि दोनदा हॉटेल, दोनदा सामानाची बांधाबांध. मला नाही पटत.

बंदराचं थोडक्यात. ऑरलँडोला समुद्र नाही, हे लिहावं लागतंय याचंच वाईट वाटतं. ऑरलँडोचं बंदर म्हणजे पोर्ट कॅनाव्हरल, एअरपोर्टपासून ४५ मैलांच्या आसपास, बीचलाईन नावाच्या टोल रोडने पाऊण-एक तास, डिस्नेकडून निघालात तर थोडं जास्त. मायामीही फ्लोरिडातच आहे म्हणून स्वस्तातली क्रूझ तिथून बुक करणाऱ्यांनी नकाशा काढून बघा, सव्वादोनशे मैलांच्या वर आहे. २०२३ च्या सप्टेंबरपासून ऑरलँडो एअरपोर्टवरून ब्राईटलाईन ट्रेन मायामीला जाते खरी, पण तिलाही साडेतीन तास लागतात, आणि ते क्रूझच्या सकाळी, सगळं सामान घेऊन. कॅनाव्हरलला टर्मिनल ए आणि बी असे दोन बाजूंना आहेत, रस्त्यावरून बाहेर पडायचे फाटे वेगळे, आपलं कुठलं ते आदल्या रात्री बघून ठेवा, एवढं बस.

‘कॅरिबियन’ म्हणून जे ३-४ रात्रींचं विकलं जातं ते बहुतेक वेळा बहामाज असतं, आणि बहामाज कॅरिबियन समुद्रात नाही, अटलांटिकमध्ये आहे. जूनमध्ये पाण्याला काही फरक पडत नाही. जानेवारीत पडतो, बहामाजच्या नासाऊला पाणी साधारण २३-२४ अंश आणि तिकडे खाली मेक्सिकोच्या कोझुमेलला २६ च्या आसपास, पोरं दोन्हीकडे उड्या मारतील, तुम्ही नासाऊला घोट्यापर्यंत जाऊन परत याल. गरम पाण्यासाठीच जाताय आणि हिवाळ्यात जाताय तर ७ रात्रींची घ्या, खाली जाणारी.

आता व्हिसा, कारण इथे चूक झाली तर क्रम कुठलाही असो, घरी बसावं लागेल. तुमचा अमेरिकन शेजारी सांगेल की बर्थ सर्टिफिकेट आणि फोटोवालं ओळखपत्र दाखवून जाता येतं, पासपोर्ट लागत नाही. त्याच्यासाठी बरोबर आहे, ज्या बंदरातून निघाली तिथेच परत येणाऱ्या क्रूझला अमेरिकन नागरिकांना ती सूट आहे. भारतीय पासपोर्टवाल्यांना नाही. जहाज निघालं की तुम्ही अमेरिकेबाहेर गेलात, परत येणं म्हणजे नव्याने प्रवेश, म्हणजे चालू तारखेचा आणि मल्टिपल एन्ट्रीचा व्हिसा हवा. आई-बाबांचा दहा वर्षांचा व्हिजिटर व्हिसा असेल तर प्रश्न नाही. अडकतात ते एच-वनवाले, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर अमेरिकेत राहणारे, पासपोर्टवरचा व्हिसाचा स्टॅम्प संपलेला, मंजुरीचा कागद चालू, आणि कोणीतरी सांगितलेलं असतं की तीस दिवसांच्या आत परत आलं की चालतं. ती सवलत एच-वनला कॅनडा आणि मेक्सिकोपुरती आहे. बेटांसाठीची सवलत विद्यार्थी आणि एक्स्चेंज प्रोग्रॅमच्या व्हिसावाल्यांना आहे, तुम्हाला नाही, त्यामुळे बहामाजचं नाव काढू नका.

वादळाच्या बाबतीत मात्र दोन्ही क्रम जवळजवळ सारखेच. सीझन १ जून ते ३० नोव्हेंबर, त्यातला ऑगस्टचा मध्य ते ऑक्टोबरचा मध्य वाईट. जहाज मार्ग बदलतं, नासाऊऐवजी भलतीकडे नेतं, आणि तो हक्क त्यांनी करारात लिहून घेतलेला असतो, भांडून उपयोग नाही. पार्क सहसा चालू राहतात, पण २०२४ च्या ऑक्टोबरात मिल्टन चक्रीवादळ आलं तेव्हा डिस्ने वर्ल्डही बंद झालं होतं आणि कॅनाव्हरलचं बंदरही. एक बारीक फरक आहे, जहाज आधी ठेवलं आणि वादळामुळे बंदर बंद म्हणून ते एक-दोन दिवस उशिरा परतलं, तर तुमचे पार्कचे दिवस बाहेर समुद्रात जातात. पार्क आधी झाले असतील तर फुकटचा एक दिवस जास्त बुफे.

जहाज आधी ठेवणं मी कोणाला चालवून घेतो? जे फ्लोरिडात किंवा शेजारच्या जॉर्जियात राहतात आणि स्वतःची गाडी चालवत येतात त्यांना, आणि ज्यांना शाळेच्या सुट्टीत दुसऱ्या तारखेची क्रूझच मिळत नाही त्यांना. दुसऱ्या गटाने निदान दोन रात्री आधी यावं, आणि त्या दोन दिवसांत पार्कला जाऊन पाय मोडून न घेता झोपा काढाव्यात.

पार्क आधी ठेवलं तरी एक टोक उरतंच, परतीचं. जहाज सकाळी सहा-सातला लागतं, म्हणून लोक साडेनऊची फ्लाईट घेतात आणि मग कस्टमच्या रांगेत पुढच्यांच्या विनवण्या करत सुटतात. दुपारी एकच्या आधीची घेऊच नका. आदल्या रात्री मोठ्या बॅगा खोलीबाहेर ठेवायला सांगतात, त्या सकाळी खाली टर्मिनलमध्ये मिळतात. सकाळी घालायचे कपडे बाजूला काढून मगच बॅग बाहेर ठेवा. सासऱ्यांना परतीच्या सकाळी अमेरिकन कस्टमसमोर पोपटाचा टी-शर्ट आणि पायजमा घालून उभं राहावं लागलं, आणि तो पायजमा तरी त्यांचा स्वतःचा होता.