दोन सूर्यांच्या अंगणात ग्रह

एप्रिलच्या रात्री पन्हाळ्याच्या तटावर दुर्बीण लावली की कोल्हापूरहून आलेली मंडळी आधी अरुंधती विचारतात. लग्नात भटजींनी दाखवलेली असते, पण खरी बघितलेली नसते. आम्ही मात्र दुर्बीण वसिष्ठावर रोखतो. नुसत्या डोळ्यांना एकच दिसणारा वसिष्ठ भिंगातून दोन ठिपक्यांत फुटतो. एक लखलखीत, दुसरा जरा मंद, मधे काळ्या आकाशाची बारीक फट. आणि मग हमखास प्रश्न येतो: जिथं दोन दोन सूर्य, तिथं ग्रह कसे तयार होणार?

हा प्रश्न फार जुना आहे, आणि त्याचा एक धागा आपल्या पुण्यातून जातो.

आकाशात इतक्या जोड्या दिसतात त्या सगळ्या योगायोगानं एका रेषेत आलेल्या नसणार, असं इंग्लंडच्या जॉन मिशेलनं 1767 मध्ये गणितानं मांडलं. 1803 मध्ये विल्यम हर्शेलनं दाखवलं, की पुनर्वसूतल्या कॅस्टरसारख्या जोड्या खरोखरच एकमेकांभोवती फिरतात. पुढं 1840 च्या दशकात कंपनी सरकारचा इंजिनिअर विल्यम जेकब पुण्यात स्वतःच्या दुर्बिणीतून अशाच जोड्या मोजत बसे. नंतर तो मद्रास वेधशाळेचा प्रमुख झाला. भुजंगधारी तारकासमूहातली 70 ऑफियुची ही जोडी गणितानं काढलेल्या वाटेवरून नीट चालत नाही, तिथं एखादा न दिसणारा ग्रह असण्याचा बराच संभव आहे, असं त्यानं 1855 मध्ये लिहिलं. अमेरिकेत टी. जे. जे. सी यानं 1890 च्या दशकात तोच दावा पुन्हा केला. 1899 मध्ये फॉरेस्ट मोल्टननं हिशेब मांडून दाखवलं, की सी म्हणतो तशा कक्षेत असा तिसरा गोल टिकणारच नाही. तो ग्रह आजवर सापडलेला नाही. जेकब पुण्याजवळ नवी वेधशाळा उभारायला 1862 मध्ये परत आला आणि आठवडाभरातच पुण्यात वारला. मला या माणसाबद्दल फार आपुलकी वाटते. त्याचं उत्तर चुकलं, पण तो बघत होता ती जागा योग्य होती.

मोल्टनचा हिशेब बरोबरच होता, पण तो त्या एका कक्षेपुरता. जोडताऱ्यांत ग्रह कुठं टिकतो आणि कुठं नाही, याचे ठोकताळे होल्मन आणि वीगर्ट या खगोलशास्त्रज्ञांनी 1999 मध्ये दिले. दोघांपैकी एकाच ताऱ्याभोवती फिरायचं तर ग्रहानं त्याला बिलगून राहावं. दोघांनाही वळसा घालायचा, तर ताऱ्यांमधल्या अंतराच्या साधारण दोन ते चार पट लांबून.

टिकण्याचा प्रश्न सुटला, तरी घडण्याचा उरतोच. नव्या ताऱ्याभोवती धूळ आणि वायूची तबकडी असते. तिच्यातले कण हळू धडकले तर चिकटतात, जोरात आपटले तर फुटतात; लाडू वळताना हात जड पडला की तो भुगा होतो, तसं. सोबतचा तारा ही तबकडी बाहेरून छाटतो आणि आतल्या खड्यांच्या वाटा वाकड्या करतो. धडका जोराच्या होतात. तरीही वृषपर्वामधल्या गॅमा सेफेई या ताऱ्याला ग्रह आहे. त्याची शंका 1988 मध्ये आली, खात्री 2003 च्या सुमारास पटली. त्याचा जोडीदार सूर्य-पृथ्वी अंतराच्या फक्त वीसेक पट लांब आहे आणि ग्रह सूर्य-पृथ्वी अंतराच्या साधारण दुपटीवर. तो तिथं कसा वाढला, याचा वाद अजून मिटलेला नाही.

2011 मध्ये केप्लर-16 बी हा ग्रह जाहीर झाला. त्याचे दोन सूर्य 41 दिवसांत एकमेकांभोवती फिरतात, तो 229 दिवसांत दोघांभोवती. ज्याच्या आत कक्षा टिकत नाही, त्या धोक्याच्या रेषेच्या तो जेमतेम बाहेर आहे. तिथं खडे चिकटणं अवघड, म्हणून तो लांब, शांत भागात घडून मग आत सरकला असावा, असं बहुतेकांना वाटतं. मलाही तेच पटतं. जीजी टाउरी या कोवळ्या ताऱ्यांच्या गटाभोवती धुळीचं मोठं कडं आहे. त्या कड्यातून आतल्या ताऱ्यांकडे वायूचे झोत ओढले जाताना चिलीतल्या अल्मा दुर्बिणींना 2014 मध्ये दिसले. म्हणजे कच्चा माल आतपर्यंत पोचतो.

मे महिन्यात पन्हाळ्यावरून दक्षिणेला मित्र (आल्फा सेंटॉरी) हा तारा दिसतो, हात ताठ करून धरलेल्या मुठीपेक्षा थोडासाच वर. त्यातले दोन मुख्य तारे सुमारे 80 वर्षांत एकमेकांभोवती फेरी मारतात. त्यातल्या मोठ्या ताऱ्याजवळ जेम्स वेब या अवकाश दुर्बिणीला ऑगस्ट 2024 मध्ये एक अंधूक ठिपका दिसला. 2025 मध्ये पुन्हा बघितलं तेव्हा तो दिसला नाही. ग्रह असेल तर तेव्हा तो ताऱ्याच्या फार जवळ सरकला असेल, असा शोधकांचा अंदाज आहे.