मिसाबंदी (नागपूर)

मिसाबंदी : आणीबाणीच्या काळात (१९७५–७७) अंतर्गत सुरक्षा कायद्याखाली (मिसा, १९७१) विनाचौकशी स्थानबद्ध केलेला राजकीय कार्यकर्ता. भारत संरक्षण नियमांखाली (डीआयआर) धरलेल्या सत्याग्रहींनाही बोलताना मिसाबंदीच म्हणतात. मात्र त्यांच्यावर खटला भरावा लागे, जामिनासाठी अर्ज करता येई. आणीबाणीतील अतिरेकांची चौकशी करणाऱ्या शाह आयोगाच्या आकड्यांनुसार महाराष्ट्रात मिसाखाली ५,४७३ आणि डीआयआरखाली ९,७९९ जण अटकेत होते.

आणीबाणीचा प्रारंभ काही ग्रंथ २६ जूनला धरतात. उद्घोषणेवर राष्ट्रपतींची सही २५ जूनच्या रात्री झाली, तेव्हा तीच तारीख ग्राह्य मानावी. ३० जूनला सरसंघचालक बाळासाहेब देवरस यांना नागपूर रेल्वे स्थानकावर अटक झाली व पुढे पुण्याच्या येरवडा तुरुंगात ठेवण्यात आले. ४ जुलैला राष्ट्रीय स्वयंसेवक संघ, जमाते इस्लामी आदी संघटनांवर बंदी आली.

स्थानबद्धतेची कारणे बंद्याला सांगण्याचे बंधन सरकारवर उरले नव्हते. मिसाच्या कलम १६-अ (९) ने तर ती कारणे गोपनीय व राज्यकारभाराची बाब ठरवली. म्हणजे ती न्यायालयालाही दिसू नयेत. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने हे कलम रद्द केले नाही, पण त्याचा अर्थ आकुंचित केला : गोपनीयता बंद्यापुरती, न्यायालयाला कारणे पाहता येतील. इतर काही उच्च न्यायालयांनीही बंदीप्रत्यक्षीकरणाचे (हेबियस कॉर्पस; अटकेची वैधता न्यायालयाने तपासावी यासाठीचे) अर्ज ऐकण्याजोगे मानले. कलमाचा असा अर्थ लावणे हे नागपूरचे वैशिष्ट्य. सर्व अपिले एकत्र ऐकून सर्वोच्च न्यायालयाने २८ एप्रिल १९७६ रोजी ४ विरुद्ध १ मतांनी ती भूमिका फेटाळली (जबलपूर खटला). न्या. ह. रा. खन्ना यांचे मत तेवढे वेगळे पडले. काही भाष्यकार नागपूरचा अर्थ ओढून-ताणून काढलेला समजतात. परंतु कलम जिवंत ठेवून न्यायालयाचा दरवाजा उघडा ठेवणारी तीच वाट होती, हे मत अधिक पटणारे आहे. मिसाबंद्यांविषयीच्या लेखनात तुरुंगवासाला मिळते तेवढी जागा या निकालालाही मिळायला हवी. ४४ व्या घटनादुरुस्तीने (१९७८) अनुच्छेद २१ (जीविताचा व व्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क) आणीबाणीतही अबाधित ठेवला. जबलपूरचा निर्णय २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्याच पुट्टस्वामी (खासगीपणाचा हक्क) खटल्यात रद्दबातल ठरला.

मार्च १९७७ च्या लोकसभा निवडणुकीत नागपुरातून काँग्रेसचे गेव्ह आवारी विजयी झाले. उत्तरेतील काँग्रेसच्या पराभवावरून विदर्भाचे अनुमान काढू नये.

राज्य शासनाने २०१८ मध्ये आणीबाणीतील बंद्यांसाठी मानधन सुरू केले : महिन्याहून अधिक कारावासासाठी तेव्हा दरमहा १०,००० रुपये, कमीसाठी ५,०००. २०२० मध्ये ही योजना बंद झाली व २०२२ मध्ये पुन्हा लागू झाली.