परीक्षा विद्यापीठाची, शिकवणं कॉलेजचं : नागपुरातल्या 'आउटकम' मूल्यमापनाची पार्श्वभूमी

नॅक (महाविद्यालयांचा दर्जा ठरवणारी राष्ट्रीय संस्था) किंवा एनबीए (अभियांत्रिकीसारख्या अभ्यासक्रमांना मान्यता देणारं मंडळ) यांची समिती येणार म्हटलं की हिंगणा रोडपासून काटोल रोडपर्यंतच्या महाविद्यालयांत शिक्षक रात्री उशिरापर्यंत कोर्स फाइली पुऱ्या करत बसतात. बोलणं सगळं सीओ, पीओ आणि अटेनमेंटचं. सीओ म्हणजे कोर्स आउटकम, एखादा विषय शिकून झाल्यावर विद्यार्थ्याला नेमकं काय करता यायला हवं ते. पीओ म्हणजे प्रोग्राम आउटकम, पदवी हाती पडताना त्याच्या अंगी काय यायला हवं ते. आणि अटेनमेंट म्हणजे ते खरोखर किती साधलं, त्याचा हिशेब. हे सगळं नुकतंच वरून लादलेलं कारकुनी काम आहे, अशी बऱ्याच शिक्षकांची समजूत आहे. कागदपत्रांचा भार मोठा आहे, हे खरंच. पण यामागचा प्रश्न फार जुना आहे आणि नागपुरात तो इतका अवघड का होऊन बसला, हे कळायला विद्यापीठाच्या जन्माच्याही मागे जावं लागतं.

१८५७ साली कलकत्ता, मुंबई आणि मद्रास इथे विद्यापीठं निघाली ती त्या वेळच्या लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर. ही विद्यापीठं शिकवत नसत. शिकवायचं कॉलेजांनी, विद्यापीठाने अभ्यासक्रम ठरवायचा, परीक्षा घ्यायची आणि पदवी द्यायची. नागपुरात १८८३ साली हिस्लॉप कॉलेज आणि १८८५ साली मॉरिस कॉलेज सुरू झालं. दोन्ही आधी कलकत्त्याशी आणि नंतर अलाहाबाद विद्यापीठाशी संलग्न होती. म्हणजे सीताबर्डीच्या आसपास तास घेणाऱ्या प्राध्यापकाच्या विद्यार्थ्यांचा निकाल शेकडो मैलांवर ठरायचा. ४ ऑगस्ट १९२३ रोजी नागपूर विद्यापीठ स्थापन झालं, सहा संलग्न महाविद्यालयं आणि ९२७ विद्यार्थी घेऊन. सर बिपिन कृष्ण बोस पहिले कुलगुरू झाले. परीक्षा घरी आली, पण रचना तीच राहिली. शिकवणारा एक, पेपर काढणारा दुसरा, तपासणारा तिसरा.

या रचनेला तिचं म्हणून एक कारण होतं. अनोळखी परीक्षक निःपक्षपाती असतो आणि वेगवेगळ्या गावांतल्या मुलांना एकच माप लागतं. गरीब घरातल्या, ओळखपाळख नसलेल्या मुलासाठी हा मोठा आधार होता आणि आजही आहे. त्यामुळे संलग्नतेची पद्धत सरसकट मोडीत काढा असं म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. पण अशा परीक्षेतून विद्यार्थी कितवा आला एवढंच कळतं. तो काय शिकला, हे कळत नाही.

याची जाणीव तेव्हाही होती. नागपूरपासून पाऊणशे किलोमीटरवर, वर्ध्याला, ऑक्टोबर १९३७ मध्ये गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली आणि झाकिर हुसेन समिती नेमली गेली. नई तालीमची, म्हणजे हातकामातून शिकवण्याची, योजना आखताना या समितीने चालू परीक्षापद्धतीवर कठोर टीका केली. सेवाग्रामला मुलाने कातलेलं सूत आणि त्याने राखलेला मळा समोर दिसत असे. त्याला काय येतं हे विचारायला तीन तासांचा पेपर लागत नसे. आज ज्याला आपण आउटकम म्हणतो, त्याचा इतका उघड नमुना आपल्या शेजारी असताना विद्यापीठाच्या परीक्षांवर त्याचा काहीच परिणाम झाला नाही, याची खंत वाटते.

पुढे आयोगांमागून आयोग आले. विद्यापीठीय शिक्षणात एकच सुधारणा सुचवायची तर ती परीक्षांची, असं राधाकृष्णन आयोगाने १९४९ मध्येच म्हटलं. १९६४-६६ च्या कोठारी आयोगाने निवडक महाविद्यालयांना स्वायत्तता, म्हणजे आपला अभ्यासक्रम आणि परीक्षा स्वतः ठरवायची मोकळीक, द्यायला सांगितलं. १९७३ मध्ये यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, अंतर्गत मूल्यमापन (शिकवणाऱ्या कॉलेजनेच गुण देणं), प्रश्नपेढ्या आणि श्रेणीपद्धतीचा आराखडा मांडला. यातलं थोडंफार झालं, बरंचसं राहिलं.

दरम्यान अमेरिकेत बेंजामिन ब्लूम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५६ मध्ये शैक्षणिक उद्दिष्टांची उतरंड मांडली. तिची २००१ मध्ये सुधारलेली रूपं आता आपल्याकडे प्रत्येक प्रश्नपत्रिकेच्या समासात दिसतात : स्मरण, आकलन, उपयोजन, विश्लेषण, मूल्यमापन, निर्मिती. ही मांडणी नुसती शोभेची नाही. स्थापत्यच्या पेपरातला एक प्रश्न घ्या : 'काळ्या मातीचे गुणधर्म लिहा.' हे पाठ करून लिहिता येतं. आता तोच असा विचारा : 'वर्धा रोडवरच्या एका प्लॉटवर तीन मीटर खोलीपर्यंत काळी माती आहे. एकमजली घरासाठी कोणता पाया घ्याल आणि का?' काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि भिंतींना तडे देते. हे ज्याला उमगलंय तोच फुगणाऱ्या थराच्या खाली पाया नेण्याबद्दल किंवा अंडर-रीम्ड पाइलबद्दल, म्हणजे तळाशी फुगीर केलेल्या खोल खांबांबद्दल, लिहील. दोन्ही प्रश्नांना गुण सारखेच असले, तरी दुसऱ्याच्या उत्तरावरून त्या मुलावर घर सोपवता येईल का हे कळतं.

अभियांत्रिकीत हा विचार आधी शिरला, त्याला कारण होतं परदेशातल्या मान्यतेचं. १९८९ मध्ये सहा इंग्रजीभाषक देशांच्या संस्थांनी वॉशिंग्टन करार केला आणि एकमेकांच्या अभियांत्रिकी पदव्या समकक्ष मानायचं ठरवलं. तंत्रशिक्षणाची देशपातळीवरची परिषद असलेल्या एआयसीटीईने १९९४ मध्ये एनबीए स्थापन केली. भारत २००७ मध्ये या कराराचा तात्पुरता आणि १३ जून २०१४ रोजी पूर्ण सदस्य झाला. अट अशी की इमारत, ग्रंथालय, प्रयोगशाळा मोजून भागणार नाही, विद्यार्थ्याला काय येतं ते दाखवावं लागेल. त्यातून एनबीएचे पीओ आले. अभियांत्रिकीचं ज्ञान त्यात आहेच. शिवाय नीतिमत्ता, पर्यावरणाचं भान आणि संघात काम करणंही आहे. २०१७ च्या नव्या चौकटीत नॅकनेही आउटकमला जागा दिली आणि यूजीसीने अध्ययन-निष्पत्तीवर आधारित अभ्यासक्रमांचे आराखडे काढले. अशा रीतीने बीए-बीकॉमच्या शिक्षकांच्या टेबलावरही ते तक्ते आले.

इथे १८५७ ची जुनी रचना आडवी येते. हिशेब कसा करतात ते पाहू. समजा वर्गात ६० मुलं आहेत. पहिल्या सीओवरच्या प्रश्नांत ४५ जणांना ठरवलेल्या मर्यादेपेक्षा जास्त गुण मिळाले, म्हणजे ७५ टक्के. त्यावरून एक ते तीनमधली पातळी ठरते आणि सीओचा पीओशी किती संबंध आहे ते पाहून पुढचा आकडा निघतो. त्यासाठी कोणत्या मुलाला कोणत्या प्रश्नात किती गुण पडले, हे हाती असावं लागतं. स्वायत्त महाविद्यालयाकडे ते असतं. विद्यापीठाची परीक्षा देणाऱ्या संलग्न महाविद्यालयाला मात्र विषयाचा एकूण आकडा कळवला जातो. मग ८० पैकी ४६ हा एकच आकडा विषयाच्या सगळ्या सीओंना सारखाच लावायची पाळी शिक्षकावर येते. तक्ता भरतो, दशांश चिन्हापर्यंत अचूक दिसतो, पण मुलं कुठे अडली ते त्यातून कळत नाही. शिक्षक वैतागतात ते यामुळे आणि त्यांचा वैताग मला रास्त वाटतो.

एनबीएनेही हा फरक ओळखलेला आहे. तिने संस्थांचे दोन गट केले आहेत : टिअर-१ मध्ये स्वायत्त संस्था आणि विद्यापीठं, टिअर-२ मध्ये संलग्न महाविद्यालयं. वॉशिंग्टन करारातली मान्यता मिळते ती टिअर-१ लाच. व्हीएनआयटी या नागपुरातल्या केंद्रीय तंत्रज्ञान संस्थेला 'राष्ट्रीय महत्त्वाची संस्था' म्हणून हे स्वातंत्र्य आहे. वानाडोंगरीचं यशवंतराव चव्हाण, काटोल रोडचं रामदेवबाबा किंवा हिंगण्याचं रायसोनी अशा अभियांत्रिकी महाविद्यालयांनी स्वायत्ततेची वाट धरली, त्यामागे हे एक ठोस कारण होतं. पेपर काढणं, तपासणं आणि चुकलेलं पुढच्या सत्रात सुधारणं एका हाती आलं.

स्वायत्ततेवर लोकांचा चटकन विश्वास बसत नाही, यालाही नागपुरात इतिहास आहे. १९९९ मध्ये नागपूर विद्यापीठातला बनावट गुणपत्रिका आणि फेरतपासणीचा घोटाळा बाहेर आला आणि गुण कुणाच्या हाती आहेत, हा प्रश्न घरोघरी पोचला. त्यानंतर अंतर्गत गुणांकडे लोक संशयाने पाहू लागले, तर त्यात नवल नाही.

सगळ्याच महाविद्यालयांना स्वायत्तता झेपणार नाही. भंडारा-गोंदियाच्या लहान कॉलेजात कित्येकदा एका विषयाला एकच पूर्णवेळ शिक्षक असतो. त्याच्यासाठी विद्यापीठाला एक गोष्ट लगेच करता येईल. उत्तरपत्रिका आता स्कॅन करून संगणकाच्या पडद्यावर तपासता येतात आणि तशा तपासल्या की प्रत्येक प्रश्नाचे गुण आपोआप नोंदले जातात. नावं वगळून ते त्या-त्या महाविद्यालयाला द्यावेत. सोबत प्रत्येक प्रश्न कोणत्या सीओचा आहे, हे अभ्यास मंडळाने पेपर काढतानाच लिहून ठेवावं.