बहारीन : दुहीपेक्षा एकीची धास्ती

बहारीनची बातमी आली की एक वाक्य ठरलेलं असतं : प्रजा बहुसंख्य शिया, राजघराणं सुन्नी. ते खोटं नाही. पण ते वाचून वाटतं, की तिथले दोन पंथ पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांच्या उरावर बसले आहेत आणि सरकार बिचारं मध्यस्थी करतंय. गेल्या शंभर वर्षांचा इतिहास वेगळंच सांगतो. हे दोघे भांडले तेव्हा राज्यकर्त्यांना फार घाम फुटला नाही. एकत्र बसले तेव्हा फुटला.

मूळ तंटा जमिनीचा. अल खलिफा घराण्यानं १७८३ मध्ये हे बेट जिंकलं, आणि खजुराच्या बागा कसणारे तिथले जुने शिया शेतकरी, म्हणजे 'बहारना', जेत्यांची कुळं होऊन बसले. खजुरावरचा कर त्यांच्याच माथी, 'सुखरा' नावाची वेठबिगारीही त्यांच्याच वाट्याला. जेत्यांबरोबर आलेल्या सुन्नी टोळ्या त्यातून मोकळ्या. पंथाची रेघ अशी आधी सारा आणि वेठ यांच्यावरून पडली.

पुढं इंग्रज आले, आणि त्यांच्याबरोबर गोष्टीत मुंबईही आली. बहारीनचे मोती मुंबईच्या बाजारात विकले जात, आणि १९६५ पर्यंत तिथं व्यवहार रुपयात चालत. १९२३ मध्ये इंग्रजांनी १८६९ पासून गादीवर असलेल्या शेख ईसांना बाजूला सारून कारभार त्यांचा मुलगा हमद याच्याकडे दिला. कर सगळ्यांना सारखा लावायचं ठरलं. बहारना खूश, सुन्नी टोळ्या संतापलेल्या. हा प्रसंग मात्र दोन्ही समाज दोन टोकांना असल्याचाच. पण याच वेळी अब्दुल वहाब झयानी या सुन्नी पुढाऱ्यानं परकी हस्तक्षेपाविरुद्ध आवाज उठवला आणि लोकांच्या सल्लागार मंडळाची मागणी केली. त्याला हद्दपार करून मुंबईला धाडलं. नकोशा माणसांसाठी साम्राज्याला मुंबई सोयीची होती!

१९३२ मध्ये तेल लागलं. १९३८ मध्ये दोन्ही पंथांच्या पुढाऱ्यांनी मिळून कायदेमंडळ मागितलं, न्यायालयांची सुधारणा मागितली, तेल कंपनीत परक्यांच्या आधी स्थानिकांना नोकऱ्या मागितल्या. या 'परक्यां'त हिंदी कामगारही होते, हे आपण विसरू नये. या चळवळीतल्या साद अल शमलान आणि अहमद अल शिरावी यांनाही मुंबईचीच वाट दाखवण्यात आली.

या सगळ्यात मला सर्वांत बोलका वाटतो तो १९५३ ते १९५६ हा काळ. सुरुवात वाईट झाली : १९५३ च्या मोहरमच्या मिरवणुकीत दंगल पेटली आणि तिचं लोण पसरलं. पण १९५४ मध्ये टॅक्सी आणि बसचालकांनी सक्तीच्या विम्याविरुद्ध संप केला. विम्याचा हप्ता पंथ बघून कमी-जास्त होत नाही. संपात दोघेही होते. मग अब्दुल रहमान अल बाकिर यांनी चालकांचा स्वतःचा सहकारी निधी उभा केला, आणि त्याच धडपडीतून ऑक्टोबर १९५४ मध्ये सनाबिस गावी 'उच्च कार्यकारी समिती' जन्मली. आठ सदस्य : चार सुन्नी, चार शिया. मागण्या निवडून आलेलं मंडळ, लिखित कायदे, अपील न्यायालय, कामगार संघटना.

१९२६ पासून राज्याचे सल्लागार असलेले चार्ल्स बेलग्रेव्ह यांचीही हकालपट्टी आंदोलकांना हवी होती. मार्च १९५६ मध्ये ब्रिटिश परराष्ट्रमंत्री सेल्विन लॉइड यांच्या गाड्यांवर मुहर्रकमध्ये दगड पडले. नोव्हेंबरात, सुएझ कालव्यासाठी इंग्रजांनी इजिप्तवर केलेल्या हल्ल्यावरून शहर पेटलं आणि समितीचे पुढारी आत गेले. बुदय्या गावातल्या खटल्याचे न्यायाधीश राजघराण्यातलेच. निकाल लागण्याआधीच तिघांना ठेवायची जागा ठरली होती : सेंट हेलेना, नेपोलियनचं बेट. बाकिर, अब्दुल अली अल अलैवात आणि अब्दुल अझीझ अल शमलान. हा शमलान म्हणजे मुंबईला धाडलेल्या सादचा मुलगा. बापाला मुंबई, पोराला सेंट हेलेना. १९६१ मध्ये ते सुटले.

१५ ऑगस्ट १९७१ ला देश स्वतंत्र झाला. १९७३ च्या संसदेत ३० निवडून आलेले सदस्य होते. राज्य सुरक्षा कायद्यात खटल्याविना तीन वर्षं डांबण्याची तरतूद होती. संसद त्याला मान तुकवेना, तेव्हा ऑगस्ट १९७५ मध्ये ती बरखास्त झाली. आणि मग १९७९ ची इराणी क्रांती. १९८१ मध्ये एका शिया इस्लामी गटाचा उठावाचा कट उघड झाला आणि सरकारच्या हाती कायमचं हत्यार आलं : मागणी कोणाचीही असो, 'मागे तेहरान आहे' म्हणायचं. भीती अगदीच निराधार नव्हती, पण वापरली गेली ती सरसकट. १९९० च्या दशकात संसद परत मागणाऱ्या अर्जांवर सुन्नींच्याही सह्या होत्या. तरी पोलिसांची धाड पडली ती मुख्यतः शिया गावांवर.

फेब्रुवारी २००१ च्या सार्वमतात ९८.४ टक्के लोकांनी सुधारणांच्या सनदेला हो म्हटलं. वर्षभरानं आलेल्या राज्यघटनेत मात्र ४० निवडलेल्यांच्या डोक्यावर ४० नेमलेले बसवले होते. २०११ मध्ये त्याच सनदेच्या वाढदिवसाला, १४ फेब्रुवारीला, लोक रस्त्यावर उतरले आणि दुसऱ्या दिवशी राजधानी मनामातल्या मोती चौकात जमले. 'ना सुन्नी, ना शिया, फक्त बहारिनी' ही घोषणा होती. महिन्याभरात सौदी फौजा दोन देशांना जोडणाऱ्या समुद्रावरच्या पुलावरून आत आल्या. नंतर चौकशी आयोगानं ३५ मृत्यू नोंदवले आणि पाडलेल्या ३० शिया धर्मस्थळांची पाहणी केली. मानवाधिकार कार्यकर्ते अब्दुलहादी अल ख्वाजा यांना जन्मठेप झाली. इब्राहिम शरीफ या धर्मनिरपेक्ष 'वाद' पक्षाच्या सुन्नी नेत्याला पाच वर्षं. इराणचा हस्तक म्हणून त्याला खपवणं अवघड होतं, म्हणूनच कदाचित तो जास्त खुपला. २०१६ मध्ये शियांचा 'विफाक' पक्ष बंद केला, २०१७ मध्ये 'वाद'ही.

चौकातलं सहा खांबांवरचं मोत्याचं स्मारक १८ मार्च २०११ रोजी पाडलं. ज्या ५०० फिल्सच्या नाण्यावर त्याचं चित्र होतं, ते नाणंही चलनातून काढून घेतलं. आता तिथं सिग्नलचा रस्ता आहे आणि त्याला नाव दिलंय 'फारूक', म्हणजे खलिफा उमर यांची पदवी. शिया-सुन्नींचा सर्वांत जुना वाद पैगंबरांनंतरच्या वारशाचा, आणि नाव म्हणून सुचलं ते त्याच वादातलं एक.